ग्रामर पाठ आहे तरी फिल इन द ब्लँक्स चुकतात, प्रॅक्टिस नेमकी कशी करायची?

खानापूरचा_विद्यार्थी:

नमस्कार मंडळी, थोडं मोठं लिहितोय पण नीट विचारायचं आहे म्हणून. मी खानापूर तालुक्यातला, एसएसएलसीपर्यंत (म्हणजे आमची दहावी) मराठी मीडियम, मग बेळगावात पीयूसी (अकरावी-बारावी) कॉमर्स आणि बीकॉम. सध्या एसएससी सीएचएसएल (स्टाफ सिलेक्शन कमिशनची बारावीच्या पातळीची केंद्र सरकारी भरती) आणि बँक क्लार्क अशी दोन्हीकडची तयारी करायलोय. मॅथ्स, रिझनिंग बरं चाललंय, जीकेचं पण टेन्शन नाही, घोडं अडतंय ते इंग्रजीत आणि इंग्रजीत पण एकाच जागी. म्हणजे टेन्सचे बाराच्या बारा प्रकार विचारा, धडाधड सांगतो, ॲक्टिव्हचं पॅसिव्ह करतो, डायरेक्टचं इनडायरेक्ट करतो, पण रिकामी जागा आणि खाली चार पर्याय असं आलं की चारही बरोबर वाटायला लागतात, त्यातले दोन कसेतरी कटवतो आणि उरलेल्या दोनांत बोट नेमकं चुकीच्यावर पडतं.

क्लासमध्ये विचारलं तर रोज पन्नास शब्द पाठ कर म्हणतात. करतोय की, वह्या भरल्यात, पण ते शब्द पेपरात येतच नाहीत, आणि आलेच तर अर्थ माहीत असून पण कुठला बसतो ते कळत नाही. एक दोस्त कॉन्व्हेंटमधला आहे, तो म्हणतो वाक्य मनात वाच आणि कानाला बरोबर वाटेल ते टिक कर. त्याचं त्याला जमतं, पण आमच्या घरी, गल्लीत, शाळेत सगळीकडं मराठी, बसमध्ये आणि बाजारात कन्नड, इंग्रजी कानावर पडलंच कधी? मग कानाला काय वाटणार.

तर आपल्यासारख्या पोरांनी सेंटेन्स कम्प्लीशनची प्रॅक्टिस कशी करायची, कुठले प्रश्न घ्यायचे, चुकलेल्या प्रश्नांचं करायचं काय, हे कुणीतरी नीट सांगा. नुसतं "वाचन वाढव" नको, ते सगळेच सांगतात.

निपाणीकर:

मागच्या वर्षांचे पेपर सोडव. एसएससीचे टीसीएस कंपनीने घेतलेले पेपर तेवढे पुरेत, बाकीच्या गठ्ठ्याच्या मागं लागू नको.

शहापूरची_अक्का:

भावा, मी पण मराठी मीडियमचीच, आता बँकेत आहे, त्यामुळं तुझं दुखणं मला चांगलं माहीत आहे. सगळ्यात आधी ते कानाचं डोक्यातून काढून टाक. ज्यांच्या घरात इंग्रजी आहे त्यांना कान पुरतो, आपल्याला पुरावा लागतो. आणि पुरावा त्या वाक्यातच असतो, बाहेर कुठं नसतो, नाहीतर परीक्षेत तो प्रश्न घालताच आला नसता, चारातलं एकच उत्तर बरोबर हे सिद्ध करायला पेपर काढणाऱ्याला पण वाक्यात काहीतरी ठेवावंच लागतं. तू टिक करायच्या आधी बोट ठेवून सांगायचं, या शब्दामुळं हे उत्तर. बोट ठेवता आलं नाही तर ते उत्तर नाही, तो अंदाज आहे.

आता मुख्य गोष्ट. रिकाम्या जागा दोन जातीच्या असतात आणि दोन्हींना एकच औषध चालत नाही. एक अर्थाची जागा, जिथं चारही पर्याय ग्रामरनं बसतात आणि फक्त अर्थ बघायचा असतो. दुसरी व्याकरणाची जागा, म्हणजे प्रिपोझिशन, टेन्स, जोडशब्द, आर्टिकल. अर्थाच्या जागेला मराठीत विचार केलेला चालतो, उलट करावाच. व्याकरणाच्या जागेला मराठीत विचार केलास की पडलास, कारण आपली मराठी तिथं इंग्रजीपेक्षा वेगळ्या वाटेनं जाते. तू बहुतेक दोन्हीकडं सरसकट भाषांतर करायलास, म्हणून नियम पाठ असून चुकतंय.

अर्थाच्या जागेचं एक उदाहरण देते, मी स्वतः बनवलंय.

"डिस्पाइट द ____ रेनफॉल इन जुलै, द वेल्स ऑफ द व्हिलेज वेअर ड्राय बाय फेब्रुवारी." पर्याय: स्कँटी, अबन्डन्ट, डिलेड, अनइव्हन.

घाईत वाचलास तर विहिरी कोरड्या म्हणजे पाऊस कमी, स्कँटी, टिक, पुढं. चुकलं. आता पर्यायांवर हात ठेव, खरंच हात ठेव, मॉनिटर असेल तर खालचं बघू नको. वाक्यात खुणेचा शब्द कुठला? डिस्पाइट. डिस्पाइट म्हणजे "असूनसुद्धा", म्हणजे दोन्ही बाजू एकमेकींच्या उलट हव्यात. विहिरी कोरड्या पडल्या ही एक बाजू, तर दुसरी बाजू भरपूर पाऊस. मराठीतच ठरव, "भरपूर". मग हात काढ आणि भरपूर कुठं आहे बघ, अबन्डन्ट. हात न ठेवता आधी पर्याय वाचले की चारही शब्द डोक्यात शिरतात आणि प्रत्येक शब्द स्वतःची बाजू मांडायला लागतो, तुला चारही बरोबर वाटतात त्याचं कारण हेच.

खुणेचे शब्द काही फार नाहीत. उलट वळवणारे ऑल्दो, डिस्पाइट, इन स्पाइट ऑफ, बट, येट, हाउएव्हर, अनलाइक, रादर दॅन. कारण किंवा परिणाम सांगणारे बिकॉज, सिन्स, ड्यू टू, देअरफोर, सो दॅट. त्याच दिशेनं पुढं नेणारे अँड, मोअरओव्हर, नॉट ओन्ली बट ऑल्सो. आणि एक खूण पोरं बघतच नाहीत ती म्हणजे विरामचिन्ह, कोलन किंवा सेमीकोलन आलं की पुढचा भाग बहुतेक वेळा मागच्याचंच स्पष्टीकरण असतो, म्हणजे उत्तर त्या चिन्हाच्या पलीकडं लिहूनच ठेवलेलं असतं. दोन रिकाम्या जागा असतील तर जी सोपी वाटते ती आधी घे, बऱ्याचदा दुसरी असते, तिथं जे बसत नाहीत ते पर्याय अख्खेच्या अख्खे उडतात, पहिल्या जागेकडं बघायची गरज पण पडत नाही.

वहीचं सांगते. शब्दांची वही राहू दे बाजूला. एक वही कर त्यात चुकलेलं किंवा अंदाजानं बरोबर आलेलं वाक्य अख्खं लिहायचं, खुणेचा शब्द अधोरेखित करायचा आणि खाली एका ओळीत "का" ते लिहायचं, मराठीत लिही काही बिघडत नाही. अंदाजानं बरोबर आलेलं पण लिहायचं हे विसरू नको, ते प्रश्न चुकलेल्यांपेक्षा धोक्याचे, कारण आपल्याला येतंय असं वाटत राहतं आणि तोच नियम पुढच्या पेपरात पाय खेचतो.

निपाणीकर:

अक्कांनी बेस्ट सांगितलं. मी हिशोबाची बाजू सांगतो, कारण "दोन उरले" म्हणतोस तिथं सोडायचं की मारायचं हे ठरलेलं पाहिजे, हॉलमध्ये बसून विचार करायला वेळ नसतो.

सीएचएसएल टियर वनला (पहिल्या टप्प्याला) इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० मार्क, बरोबरला २, चुकीला ०.५० कट. चार पर्याय. दोन कटवलेस आणि उरलेल्या दोनांतला एक मारलास तर सरासरी प्रश्नाला पाऊण मार्क मिळतो, एकच कटवलास तरी साधारण एक तृतीयांश मार्क मिळतो. म्हणजे एसएससी टियर वनला एक पर्याय जरी नक्की कटला तरी सोडायचं नाही. बँकेला वेगळं, तिथं १ मार्क आणि ०.२५ कट आणि पर्याय पाच, डोळे झाकून मारलंस तर सरासरी शून्य, फायदा नाही तोटा नाही, दोन-तीन कटले तरच अर्थ आहे. परत सीएचएसएलच्या टियर टूला ३ मार्क आणि चुकीला १ कट, तिथं पण डोळे झाकून मारण्यात काही हाताला लागत नाही.

वेळेचं म्हणशील तर क्लार्क प्रिलिम्सला इंग्रजी ३० प्रश्न २० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ४० सेकंद, आणि त्यातच पॅसेज वाचायचा असतो. म्हणून रिकाम्या जागा २०-२५ सेकंदात निघायलाच पाहिजेत. पण सुरुवातीला घड्याळ लावू नको, आधी पुरावा शोधायची सवय लागू दे, वेग नंतर आपोआप येतो. घड्याळ आधी लावलंस तर अंदाज मारायचीच सवय घट्ट होते.

खानापूरचा_विद्यार्थी:

अक्का लई आभार, हात ठेवून करायची गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती, काल बसून जुन्या पेपरातल्या अर्थाच्या जागा तशा केल्या आणि खरंच फरक पडला. पण व्याकरणाच्या जागांना मराठी आड येते म्हणालात ते नीट पकडता येईना. खालची चार वाक्यं बघा, प्रत्येकात मी दोन पर्यायांत अडकलोय. पेपरातली जशीच्या तशी नाहीत, नावं गावं आपल्याकडची घालून लिहिलीत म्हणजे कळायला सोपं.

"ही हॅज बीन वर्किंग इन अ फाउंड्री ॲट उद्यमबाग ____ फाइव्ह इयर्स." सिन्स की फॉर?

"ऑल्दो द रोड वॉज बॅड ॲट चोर्ला, ____ द बस रीच्ड गोवा ऑन टाइम." बट की काहीच नको?

"गांधीजी प्रिसायडेड ____ द काँग्रेस सेशन ॲट बेळगाव इन १९२४." ऑन की ओव्हर?

"इफ इट ____ टुमारो, द मॅच विल बी पोस्टपोन्ड." रेन्स की विल रेन?

येळ्ळूरचे_सर:

पोरा, मी हायस्कूलला इंग्रजी शिकवतो आणि तू लिहिलेली चारही वाक्यं म्हणजे मराठी मीडियमच्या पोरांची ठरलेली चार ठिकाणं आहेत, दरवर्षी हीच बघतो. एकेक सांगतो, सावकाश वाच.

पहिलं. मराठीत आपण "पाच वर्षांपासून" म्हणतो आणि "२०१९ पासून" पण म्हणतो, दोन्हीला पासूनच. त्यामुळं डोक्यात एकच खण आहे आणि इंग्रजीत दोन आहेत. सुरुवात कधी झाली तो क्षण दिला असेल, २०१९, मंडे, मॉर्निंग, चाइल्डहूड, तर सिन्स. किती काळ ते मोजून दिलं असेल, फाइव्ह इयर्स, टू अवर्स, अ लाँग टाइम, तर फॉर. इथं फॉर. ह्याच वाक्यात दुसरा सापळा पण आहे, आपण म्हणतो "तो पाच वर्षांपासून काम करतो", साधा वर्तमानकाळ, त्यामुळं "ही वर्क्स" किंवा "ही इज वर्किंग" असा पर्याय दिला तर पोरं तोच उचलतात. मागं सुरू झालेलं आणि अजून चालू असलेलं काम किती काळापासून ते सांगताना इंग्रजीत हॅज किंवा हॅव्ह लागतंच.

दुसरं. आपल्याकडं "जरी... तरी" ही जोडी, जरी आलं की तरी पाहिजेच, नाहीतर वाक्य लंगडं वाटतं. त्यामुळं ऑल्दो आलं की हात आपसूक बटकडं जातो. इंग्रजीत वळण एकदाच द्यायचं असतं, ऑल्दोनं दिलं की काम झालं, पुढं स्वल्पविराम, बट नको. म्हणजे काहीच नको हे उत्तर. जुन्या ग्रामरमध्ये दो (ऑल्दोचंच छोटं रूप) च्या जोडीला येट चालतो, त्यामुळं पर्यायात येट दिसला तर नीट बघ, पण बट कधीच नाही. तसंच बिकॉजनं वाक्य सुरू झालं की पुढं सो लावायचा नाही, तिथं पण आपलं "कारण... म्हणून" आड येतं.

तिसरं, ओव्हर. आपण "अध्यक्षस्थान भूषवलं" म्हणतो, त्यात कुठला प्रत्यय प्रिपोझिशनसारखा नाही, म्हणून अंदाज करायला जागाच नाही, हे क्रियापद त्याच्या प्रिपोझिशनसकट लक्षात ठेवायचं, प्रिसाइड ओव्हर. उदाहरण चांगलं निवडलंस बाकी, गांधीजी अध्यक्ष असलेलं काँग्रेसचं ते एकमेव अधिवेशन आणि ते आपल्या गावात झालं, जीकेला पण विचारतात. आणि ह्याच वाक्यातून अजून एक शिक, "द सेशन ____ हेल्ड इन १९२४", वॉज की हॅज बीन? वॉज. साल दिलंय ना, संपलेला ठराविक काळ दिला की साधा भूतकाळ, हॅज हॅव्ह तिथं बसत नाही. इन १९२४, यस्टरडे, टू डेज अगो, लास्ट इयर, हे शब्द दिसले की हॅज हॅव्हचे पर्याय लगेच कटव.

चौथं, रेन्स. आपण म्हणतो "उद्या पाऊस पडला तर", बघ, उद्याची गोष्ट आणि रूप पडला. म्हणून काही पोरं रेन्ड टिक करतात, आणि टुमारो दिसलं म्हणून बाकीची विल रेन. इंग्रजीत दुसऱ्या भागात विल असेल तर इफच्या भागात साधा वर्तमानकाळ. हाच नियम व्हेन, अनटिल, बिफोर, आफ्टर, ॲज सून ॲज, अनलेस ह्या सगळ्यांना, भविष्यातली गोष्ट असली तरी त्यांच्या भागात विल येत नाही. आणि अनटिलचं वेगळं सांगतो कारण त्यात आपली पोरं हमखास अडकतात, "तो येत नाही तोपर्यंत थांब" ह्यात नाही आहे, म्हणून "वेट अनटिल ही डज नॉट कम" बरोबर वाटतं. ते चूक, "वेट अनटिल ही कम्स". अनलेसच्या पोटात पण नॉट आधीच आहे, परत घालायचा नाही.

अजून एक तुझ्या यादीत नाही पण विचारतात फार. "द क्वालिटी ऑफ द व्हेजिटेबल्स सोल्ड इन द मार्केट ____ नॉट गुड." इज की आर? मराठीत आपण "बाजारातल्या भाज्यांचा दर्जा चांगला नाही" म्हणतो, दर्जा हा मुख्य शब्द शेवटी येतो, क्रियापदाजवळ, त्यामुळं आपल्याला कधी गोंधळ होत नाही. इंग्रजीत मुख्य शब्द पुढं जातो आणि ऑफच्या नंतरचे व्हेजिटेबल्स क्रियापदाजवळ येऊन बसतात, म्हणून आर वाटतं. ऑफ दिसला की त्याच्या आधीचा शब्द बघायचा, क्वालिटी, एकवचन, इज. वन ऑफ द, ईच ऑफ द, सगळं ह्याच खात्यात.

आता आर्टिकलची एक युक्ती सांगतो, ही आपल्यालाच जमते, इंग्रजी मीडियमवाल्यांना नाही. अ की ॲन अडलं की तो शब्द मनात देवनागरीत लिही. सुरुवातीला स्वर आला, अ ते औ मधला, किंवा ॲ, ऑ, तर ॲन. व्यंजन आलं तर अ. युनिव्हर्सिटी य नं सुरू होतो, म्हणून अ युनिव्हर्सिटी, स्पेलिंगमध्ये पहिलं अक्षर यू असू दे. अवर, ऑनेस्ट स्वरानं सुरू, म्हणून ॲन, स्पेलिंगमध्ये एच असू दे. एमएलए, एसपी, एक्स-रे हे ए नं सुरू, ॲन एमएलए, ॲन एसपी, पण अ डीसी, अ बीए, अ युरोपियन, अ वन-रुपी कॉइन. इयर एवढा अपवाद, तो आपण इ नं लिहितो पण उच्चार य चा, म्हणून अ इयर. बाकी स्पेलिंगचा विचारच करायचा नाही. माझ्या वर्गात फळ्यावर ही देवनागरी मांडणी केली की शेवटच्या बाकावरची पोरं पण बरोबर सांगतात.

शहापूरची_अक्का:

सर, देवनागरीची युक्ती फारच छान, माझ्या मुलीला आजच सांगते.

तिसऱ्या वाक्यात थोडी भर घालते. क्रियापद प्रिपोझिशनसकट पाठ करायचं हे बरोबर, पण जिथं मराठीत प्रत्यय आहे आणि इंग्रजीत काहीच नाही तिथं आपण जास्त चुकतो. "त्याबद्दल चर्चा केली" म्हणून डिस्कस अबाउट, "स्टेशनला पोचलो" म्हणून रीच टू, "बापासारखा दिसतो" म्हणून रिझेम्बल लाइक, "खोलीत शिरला" म्हणून एंटर इन. ह्या चारही ठिकाणी काहीही लागत नाही, डिस्कस द मॅटर, रीच द स्टेशन, रिझेम्बल हिज फादर, एंटर द रूम. आणि "त्याच्याशी लग्न" म्हणून मॅरीड विथ टिक करतात, ते मॅरीड टू. "त्याच्यापेक्षा सीनियर" म्हणून सीनियर दॅन, ते सीनियर टू, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर, प्रिफर सगळ्यांना टू. एरर स्पॉटिंगला पण हेच येतं, म्हणजे एकदा केलेली मेहनत दोन ठिकाणी कामाला येते.

चिक्कोडीची_मुलगी:

मला शब्द पाठ करण्याबद्दल थोडं वेगळं म्हणायचं आहे, सगळे त्याला नावं ठेवायलेत पण एसएससीला वन वर्ड सब्स्टिट्यूशन, इडियम्स आणि स्पेलिंग ह्यात जुन्या पेपरातलं परत परत येतं, त्यामुळं जुन्या पेपरातून काढलेली यादी पाठ करणं वाया जात नाही. वाया जाते ती कुठल्यातरी पीडीएफमधली अवघड शब्दांची लांबलचक यादी, जी कुणी कुठून आणली माहीत नाही. खानापूरच्या भावा, तुला अर्थ माहीत असून शब्द बसवता येत नाही म्हणालास त्याचं कारण माझ्या मते तू शब्द एकटा पाठ करतोस. शब्द त्याच्या सोबत्यासकट लिही. हेवी रेन, स्ट्राँग विंड, पे अटेन्शन, मेक अ मिस्टेक, टेक अ रिस्क, कमिट अ क्राइम, रेज अ क्वेश्चन, ड्रॉ अ कन्क्लूजन. पाऊस जोराचा आणि वारा पण जोराचा, आपल्याला दोन्ही जोराचेच, पण इंग्रजीत दोघांचे सोबती वेगळे. ब्लँकच्या पुढचा मागचा एक शब्द बघितला की उत्तर निघतं असे कितीतरी प्रश्न बँकेच्या पेपरात असतात.

आणि वाचनाचं. "वाचन वाढव" नको म्हणालास ते पटतं, कारण सगळे सांगतात इंग्रजी पेपरचा अग्रलेख वाच, आणि आपण उघडला की दुसऱ्याच ओळीला धाप लागते. मी काय करते सांगते. सकाळी मराठी पेपरात बेळगाव जिल्ह्याच्या बातम्या वाचते, मग त्याच बातम्या इंग्रजी पेपरच्या वेबसाइटवर शोधते. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं तेव्हा तर चांगलंच सापडतं, घटप्रभा आणि कृष्णेला पाणी आलं, उसाच्या दरावरून आंदोलन झालं, ह्या बातम्या दोन्हीकडं असतात. काय झालं ते आधीच माहीत असतं त्यामुळं अनोळखी शब्दाचा अर्थ आपोआप लागतो आणि डिक्शनरी उघडावी लागत नाही. मग त्या बातमीतली प्रिपोझिशन्स पेनानं झाकायची, म्हणजे मोबाइलवर असेल तर कॉपी करून नोट्समध्ये घालायची आणि तेवढे शब्द पुसायचे, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः भरायचे. फुकटातली फिल इन द ब्लँक्स, आणि ओरिजिनल बातमी हीच आन्सर की. क्लोज टेस्टसाठी (अख्ख्या पॅऱ्यातल्या रिकाम्या जागा भरायच्या असतात त्या) तर ह्याच्यासारखी दुसरी प्रॅक्टिस नाही.

जाता जाता, आमच्यासारख्या सीमाभागातल्यांनी एक लक्षात ठेवा, कर्नाटक सरकारच्या एफडीए एसडीए (फर्स्ट आणि सेकंड डिव्हिजन असिस्टंट) भरतीला जनरल कन्नड किंवा जनरल इंग्लिश ह्यातला एक पेपर निवडता येतो, कंपल्सरी कन्नड पास व्हायला लागतं ते वेगळं. मराठी मीडियमची बरीच पोरं इंग्लिश घेतात, त्यामुळं हीच तयारी तिथं पण चालते.

खानापूरचा_विद्यार्थी:

सर, तुमचं उत्तर वहीत उतरवून घेतलं, खरंच कुणी असं समजावून सांगितलं नव्हतं, नियम सांगायचे पण आम्ही तिथंच का चुकतो ते कुणी सांगायचं नाही. चिक्कोडीच्या ताई, बातमीची आयडिया आजपासून चालू करतो. एक शेवटचं, क्लोज टेस्टमध्ये पहिलीच जागा अडते आणि मग पुढचं सगळं बिघडतं, तिथं पण हात ठेवायचा का?

शहापूरची_अक्का:

हात ठेवायचाच, पण त्याआधी अख्खा पॅरा एकदा जागा रिकाम्या ठेवून वाचायचा, विषय काय, सूर कौतुकाचा आहे की तक्रारीचा ते कळलं पाहिजे. पहिली जागा अडली तर सरळ पुढं जा. पहिल्या वाक्याचा पुरावा पुष्कळदा तिसऱ्या चौथ्या वाक्यात असतो. व्याकरणाच्या जागा आधी भरून घे, त्या एकट्या वाक्यावर सुटतात, अर्थाच्या शेवटी. आणि पूर्ण पॅरा एकाच काळात चाललाय का ते बघ, सगळा भूतकाळात असेल आणि मधेच एका जागेला वर्तमानकाळाचा पर्याय दिला असेल तर कायमचं सत्य वगैरे काही कारण असल्याशिवाय तो घ्यायचा नाही.

हिंडलग्याची_वहिनी:

सगळं वाचून काढलं, फार उपयोगी आहे. माझं शिक्षण एसएसएलसी, मुलं शाळेत गेल्यावर एमटीएसची (एसएससीचीच दहावीच्या पातळीची भरती) तयारी करावी म्हणते. पेपर मराठीत मिळतो असं ऐकलंय, मग इंग्रजी एवढं करायची गरज आहे का?

निपाणीकर:

वहिनी, पेपर मराठीत मिळतो हे बरोबर, कन्नडमध्ये पण मिळतो, आणि सेंटर बेळगावात घेता येतं. पण इंग्रजीचा भाग इंग्रजीतच असतो. एमटीएसला दोन सेशन, दोन्ही ४५-४५ मिनिटांचे. पहिल्यात गणित आणि रिझनिंग, तिथं निगेटिव्ह नाही आणि ते फक्त पास होण्यापुरतं. मेरिट लागतं ते दुसऱ्या सेशनवर, त्यात जीके २५ प्रश्न ७५ मार्क आणि इंग्रजी २५ प्रश्न ७५ मार्क, चुकीला १ कट. म्हणजे मेरिटचे निम्मे मार्क इंग्रजीचे. लेव्हल दहावीचीच असते, घाबरू नका, येळ्ळूरच्या सरांनी वर जे लिहिलंय तेवढं पक्कं करा आणि मग एमटीएसचेच जुने पेपर घ्या, सीजीएलच्या (पदवीच्या पातळीच्या भरतीच्या) पेपरांना आत्ता हात लावू नका.

येळ्ळूरचे_सर:

वहिनी, सुरुवात आर्टिकल आणि सिन्स-फॉर पासून करा, मुलांच्या शाळेच्या इंग्रजी पुस्तकातलेच धडे घ्या. त्यातली अ, ॲन, द पेन्सिलीनं झाका आणि मुलांना बरोबर घेऊन भरा, त्यांचा पण अभ्यास होईल. अडलं तर इथंच वाक्य टाका, मी रात्री जेवण झाल्यावर बघतो.